खरं उत्तर

समुपदेशक शर्वरीने मेंदूच्या दोन प्रतिमा पडद्यावर शेजारी शेजारी लावल्या, एक उपचारांआधीची आणि एक आजची. दोन्ही वेळी स्कॅनच्या मशीनमध्ये सप्रेकाकांना नातीचे फोटो दाखवले होते. आपलं माणूस दिसलं की मेंदूचा जो भाग उजळायला हवा, तो तेव्हाही अंधारात होता आणि आजही तसाच होता.

"पण काका, तुम्ही तर दर मंगळवारी बरं वाटतंय म्हणायचात."

काका इस्त्रीच्या शर्टाची बाही सारखी करत राहिले. "बायको गेल्यावर मुलगा ऑफिसातून आला की रोज विचारायचा, बाबा, कसं वाटतंय? मी खरं सांगायचो, सकाळी उठावंसंच वाटत नाही. ऐकून त्याचा चेहरा पडायचा. मग त्याने विचारणंच सोडलं. तुम्हीही सोडाल, अशी भीती वाटली."

शर्वरीने पडद्यावरच्या प्रतिमा बंद केल्या. "आपण पुन्हा सुरुवात करू," ती म्हणाली. "पण आता मला खरं तेच सांगायचं. आज कसं वाटतंय?"

काकांनी मान वर केली. समोरच्या पोरीचा चेहरा पडला होता, अगदी मुलाचा पडायचा तसा.

"आज खरंच बरं वाटतंय," ते म्हणाले.