गरुड पडत नाही

सहा महिने झाले, तुळशीरामने त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं. ते दौलतच्या आईने लेकाला खेळाच्या पत्त्यावर लिहिलेलं होतं. ‘गावच्या माणसांनी तुला जत्रेत मौतच्या कुव्यात फटफटी फिरवताना पाहिलं. गरुडाचा मुखवटा ओळखून हाक मारली, तर तू हात हलवलास. मग घरी का येत नाहीस? रागावलास का बाळा?’

हात तुळशीरामने हलवला होता. नागाच्या मुखवट्यातल्या गड्याशी शर्यत लावताना दौलत आधीच पडून मेला होता. मालकाने भोंग्यावरून ‘किरकोळ लागलंय’ म्हणून सांगितलं, गुपचूप अंत्यविधी उरकला आणि दुसऱ्या दिवशी तोच मुखवटा तुळशीरामच्या तोंडावर बांधला.

आज कुव्याच्या भिंतीतली वरची फळी पुन्हा चाकाखाली करकरली. खेळ संपल्यावर तो दुखरे गुडघे ओढत मालकाकडे गेला.

“मालक, दौलत पडला ती हीच फळी. ठोकून घ्या, नाहीतर मीही जाईन.”

“फळी हलते म्हणून तर लोक श्वास रोखून बघतात, तुळशा! आणि तू पडलास तरी गरुड पडत नाही. मुखवटा दुसऱ्याला बांधू.”

तुळशीरामला आपली बायको आठवली. तीही अशीच पत्रं लिहीत बसेल.

त्याने पोस्टकार्ड घेतलं. ‘आई, हात हलवणारा मी होतो. दौलत माघातच गेला. फळी सैल आहे हे मालकाला ठाऊक होतं, आणि मलाही. पोलिसांपुढे हेच सांगेन.’ खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहून त्याने कार्ड पोस्टाच्या पेटीत टाकलं.