काळी दोनचा सायलेन्सर

या, जरा पुढे सरका. टाळ खाली ठेवा, मांडी घाला. बुऱ्हाणपुरातल्या राजपुऱ्याच्या एका गाडीची गोष्ट सांगतो. हसाल, आणि हसता हसता हात जोडाल.

"भाई, मागूनच काढ!" विपुल गाडीखालून ओरडला. "सीटखालून पाइप नेला तर बसणारा भाजून निघेल."

समाधानचं अर्धं लक्ष मित्राकडे, अर्धं इंदूरकडे. भंगारातल्या मारुतीच्या इंजिनावर त्याने अंगणात दोन माणसांची स्पोर्ट्स कार उभी केली होती. लाल, बसकी, बेडकासारखी. राहिला होता फक्त सायलेन्सर. धुराचा पाइप सरळ मागे न्यायचा, की डाव्या सीटखालून वळवून दाराशी काढायचा? मागून नेला तर इंजिन मोकळं पळणार होतं, आणि रविवारी इंदूरला घरी बनवलेल्या गाड्यांची शर्यत होती. त्या शर्यतीत त्याचा जीव अडकला होता. बाजूचा पाइप त्याने नुसता तारेनं बांधून पाहिला होता, झोकात दिसतो म्हणून.

डाव्या सीटवर त्याचे वडील यादवअण्णा अनवाणी बसले होते. अंगणात सावली तेवढीच होती. अण्णांनी उभा जन्म पॉवरलूमवर काढला. मागांच्या खडखडाटात कानांचा काय उपयोग? कोणता माग अडखळला ते विणकराला तळपायांनी कळतं. अण्णांचे पाय अजून शाबूत होते. कान मागांनी खाल्ले. एके काळी देवळातल्या भजनात अण्णांचा आवाज मागे नसेल तर नंदकुमार बुवांचा अभंग उचललाच जात नसे. सूर ऐकू येईना तसं त्यांनी गाणं सोडलं, मग देऊळ सोडलं, मग बोलणंही. समाधानची आई मनकर्णाबाई म्हणायची, "देवानं कान नेले, पण यांनी तोंड कशाला देऊन टाकलं?"

समाधानने किल्ली फिरवली. गाडी घुमली. अण्णा दचकले. पाय उचलले, पुन्हा टेकवले.

"पेटी कोणी धरली रे?" असं म्हणून त्यांनी डोळे मिटून आकार लावला.

असा लावला, की शेजारच्या देवळातून नंदकुमार बुवा पेटी काखेत मारून पळत आले. एक पट्टी दाबून पाहिली.

"काळी दोन! अरे, तुझा सायलेन्सर काळी दोनमध्ये लागलाय!"

विपुलने मागचा पाइप जोडून पाहिला. पायाखाली थरथर नाही, अण्णा गप्प. बाजूचा जोडला, अण्णा गायला लागले. पुन्हा मागचा, पुन्हा गप्प. तोवर सारं भजनी मंडळ बॉनेटभोवती बसलं होतं. पखवाजवाला मोतीलाल बॉनेटला पखवाजासारखी कणीक लावायला निघाला, त्याला आवरावं लागलं.

"हाच ठेव," बुवा म्हणाले. "रविवारी सप्ताहाची दिंडी आहे. अण्णांना गाडीत बसवू."

"रविवारी इंदूर आहे ना, बुवा!" विपुल कळवळला. "और साइडवाले में गाडी क्या खाक भागेगी?"

समाधानने मधली वाट काढली. पाइप बाजूचाच ठेवायचा, आणि अण्णांनाच इंदूरला न्यायचं. गात गात शर्यत! अण्णांच्या मांडीला भाजू नये म्हणून सीटवर घोंगडी घातली आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर चाचणीसाठी गाडी काढली.

पहिल्या गिअरमध्ये अण्णा सुरेख लागले. समाधानने वेग वाढवला. इंजिनाचा सूर चढला, आणि अण्णांचाही. दुसरा गिअर, आणखी वर. तिसऱ्याला अण्णांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, चेहरा गाडीच्या रंगाचा झाला, तरी त्यांनी सूर सोडला नाही. समाधानने करकचून ब्रेक दाबला.

अण्णा धापा टाकत होते. चेहऱ्यावर मात्र आनंद मावत नव्हता. लेकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पेटीवाला नवा दिसतो. त्याला सांग बाबा, एका जागी राहा. मी येतो त्याच्यासंगं."

समाधान घरी आला. तार सोडली आणि बाजूचा पाइप वेल्डिंग करून कायमचा पक्का केला. वेल्डिंगचा काळा चष्मा विपुलनेच पुढे केला.

रविवारी इंदूरची शर्यत इंदूरला राहिली, आणि इतवारा मोहल्ल्यातून दिंडी निघाली. पुढे टाळकरी, मागे बुवा, त्यांच्या मागे मुंगीच्या पावलाने स्पोर्ट्स कार. बुवांनी चरण म्हटला, अण्णांनी तो आभाळाला लावला. मागे रिक्षांची रांग लागली.

"ओ हीरो!" एक रिक्षावाला डोकं बाहेर काढून ओरडला. "रेसवाली गाडी है ना? भगा ना फिर!"

"थांब भो," समाधान म्हणाला. "चरण अर्ध्यावर आहे."

तर मंडळी, कधी बुऱ्हाणपुरात टाळकऱ्यांमागे अशी लाल गाडी रांगताना दिसली, तर हॉर्न वाजवू नका. अण्णांना नमस्कार करालच. पण आठवण ठेवा समाधानच्या उजव्या पायाची. तो अ‍ॅक्सिलरेटरच्या वर, बोटभर अधांतरी धरलेला आहे.