तंबूत झोपलेला दगड

ऐक ना. मधे बोलू नकोस, नुसतं ऐक.

ऑगस्टमधला शनिवार, दुपारचे साडेचार. मिनेसोटाच्या पार वरच्या टोकाला, कॅनडाला खेटून जी तळी आहेत ना, त्यातल्या एका लांबड्या तळ्यात एक होडी. पुढे हेल्मी, मागे तिचे वाइनोकाका, वय अडुसष्ट. आधीच्या तळ्यावरून इकडे येताना होडी डोक्यावर घेऊन जंगलवाट चालायची असते. तिथे काकांचा पाय घसरला आणि उजवा खांदा असा पिरगळला, की आता प्रत्येक वल्ह्याला ते दात आवळत होते.

"दुखतंय?"

"नाही."

परत दात.

आता तिथे मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. जिथे चुलीची लोखंडी जाळी रोवलेली असते तिथेच. आधी येईल त्याची जागा. ह्या तळ्यावर अशा तीनच, आणि पुढे जायचं तर सगळं उघडं पाणी. त्यावर वारा सुटलेला, लाटांना फेस यायला लागलेला.

पहिल्या जागेवर गर्दी. एक बाई उलथनं घेऊनच काठाशी धावत आली. "आम्ही नऊ जण आहोत हो, नाहीतर घेतलं असतं! तळलेला मासा देऊ का?" नऊच्या वर माणसं एका जागेवर चालत नाहीत. ठीक आहे. तिचं काय चुकलं?

दुसऱ्या जागेवर हिरवा, कोरा करकरीत तंबू. आसपास चिटपाखरू नाही. "मासे धरायला गेले असतील," काका म्हणाले आणि होडी वळवली. तिकडची रीतच आहे ती. तंबू उभा म्हणजे कुणाचं तरी घर. आत कोणी नसलं तरी त्या काठाला पाय लावायचा नाही.

तिसरी जागा. आणि तिथे काय? तसाच हिरवा तंबू. तसाच कोरा!

हेल्मीचं डोकंच सटकलं. ती उतरली.

"हेल्मी, मागे फिर!"

कुठली फिरतेय. चुलीत राख नाही. अस्वलाच्या भीतीने खाण्याची पिशवी झाडाला टांगतात, ती नाही. तंबूला एक खुंटी ठोकलेली नाही. तिने सर्रकन चेन ओढली. आत एक दगड. टरबुजाएवढा. बस.

"काका, दगड झोपलाय इथे!"

तेवढ्यात दोन होड्या आल्या. चार बाप्ये. पुढचा एकदम हसतमुख, टोपीला गळ अडकवलेले. "अहो, ती आमची जागा हं! पहाटेच येऊन तंबू टाकून गेलो होतो."

"आणि मागचा हिरवा?"

"तोही आमचाच. वारा कुठे कमी, सूर्यास्त कुठून बरा दिसतो, ते बघून ठरवणार होतो."

"मग ठरलं?"

"हो, इथेच राहतोय."

"मग मागची आम्ही घेतो. तंबू नीट गुंडाळून ठेवते तुमचा."

"छे छे! उद्या माझा साडू येतोय, त्याच्यासाठी आहे ती. हात नका लावू, नवा आहे."

उद्या! साडू अजून घरी सोफ्यावर असेल, आणि जागा आजपासून त्याची!

"ह्यांचा खांदा गेलाय," हेल्मी म्हणाली.

"अरेरे," तो म्हणाला. खरंच वाईट वाटल्यासारखं तोंड केलं, आणि बिअरची पेटी उतरवायला लागला. "पुढच्या वेळी जरा लवकर उठा, ताई." मागचे तिघं खिदळले.

काकांनी हेल्मीला हाताने खुणावलं. होडी ढकलली. पुढे जाणं शक्यच नव्हतं, म्हणून काठाकाठाने मागे निघाले. आणि दुसऱ्या जागेपाशी येतात तर तंबू नाही! त्यात शहाण्यांनी दगडसुद्धा टाकला नव्हता. वाऱ्याने उचलून पाण्यात फेकला होता, फुगलेल्या बेडकासारखा तरंगत होता. काठावर मोकळी चूल, सपाट जमीन, देवदारांचा आडोसा. हेल्मी मोठ्याने हसली.

"काका, झाला न्याय!"

काकांनी डाव्या हाताने तंबू ओढत काठावर आणला. पाणी झटकलं. हेल्मीला वाटलं, घडी करतायत. तर ते निसटलेल्या काठ्या परत तंबूत ओवायला लागले.

"काय करताय?"

"उभा करतोय."

"काका!"

"वाऱ्याने उडवला म्हणून जागा आपली होत नाही."

"आणि उभा होता तेव्हा त्यांची कशी होती?"

काका थांबले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांनी खांदा धरला. पाण्याकडे बघितलं. आता ते पार टोकापर्यंत पांढरं झालं होतं. मग त्यांनी काठीचं दुसरं टोक तिच्यापुढे केलं.

"एका हाताने जमत नाही गं. धर."

हेल्मीच्या हातात ते ओलं टोक. काका वाट बघतायत. आता तू सांग, तू काय केलं असतंस?