दोन स्वरांमधली जागा

“इथे थांब,” सुनेत्राने पुन्हा सांगितलं. स्पृहा पुन्हा न थांबता पुढे गेली.

शूबर्ट या युरोपीय संगीतकाराच्या त्या संथ रचनेत एकच स्वर लागोपाठ दोनदा येतो. शिवाजी पार्कला सुनेत्राच्या घरी जो कोणी पियानो शिकला, तो या दोन स्वरांमध्ये किंचित थांबायला शिकला. जाणकार त्यावरूनच तिचे विद्यार्थी ओळखत. ती तरुण असताना एका परदेशी परीक्षकाने तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, एवढं दुःख तुला कुणी शिकवलं?

शिकवलं होतं माझगावच्या मिस रेबेलोंनी. का थांबायचं, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. त्यांच्या घरच्या पियानोवर पहिला स्वर वाजला की त्या सुनेत्राचं मनगट धरून ठेवायच्या आणि क्षणभराने सोडायच्या. त्याचं कारण सुनेत्राने पुढे स्वतःच शोधलं. पहिला स्वर म्हणजे प्रश्न, दुसरा म्हणजे उत्तर, आणि उत्तरं काही लगेच मिळत नाहीत.

“पण शूबर्टने तिथे थांबायला सांगितलेलं नाही, ताई.”

“श्वास घ्यायलाही सांगितलेलं नाही. तो घेतेस ना?”

“श्वास माझा असतो. हे थांबणं तुमचं आहे.”

सुनेत्रा रागावली नाही. मिस रेबेलोंना जाऊन वर्ष होत होतं. रविवारी त्यांच्याच घरी, त्यांच्याच पियानोवर ही रचना वाजायची होती, आणि ऐकायला त्यांचे जुने विद्यार्थी जमणार होते. तिने शांतपणे सांगून टाकलं, की थांबायचं नसेल तर तिचा दुसरा विद्यार्थी मयूर वाजवेल. त्याला रचना येते आणि तो वादही घालत नाही. स्पृहाचा चेहरा उतरला. कित्येक महिने ती याच दिवसासाठी मेहनत घेत होती. तरी तिने ती जागा पुन्हा न थांबताच वाजवली.

शनिवारी सुनेत्रा तिला माझगावला घेऊन गेली. त्या खोलीत बसली की पोरीला आपोआप उमगेल, असा तिचा विश्वास होता. मिस रेबेलोंच्या भाच्याने दार उघडलं. खिडक्या उघडल्यावर गोदीकडचा खारट वारा आत आला. पियानोच्या आत आंटी कधी कुणाला हात घालू देत नसत, म्हणून आपणही तो होता तसाच ठेवलाय, असं त्याने सांगितलं.

“तुझ्या मनासारखं वाजव,” सुनेत्रा म्हणाली. “मी मध्ये बोलणार नाही.” आणि ती खिडकीशी पाठमोरी उभी राहिली.

स्पृहाने सुरुवात केली. ती जागा जवळ आली तशी सुनेत्राने नकळत खिडकीची कड घट्ट धरली. पहिला स्वर आला. मग शांतता आली, हवी तेवढीच, केसभर कमी नाही की जास्त नाही. मग दुसरा स्वर.

सुनेत्राचे डोळे भरून आले. रचना संपल्यावर तिने जवळ येऊन स्पृहाच्या खांद्यावर हात ठेवला. उद्या तूच वाजवायचं, असं सांगितलं. मग न राहवून विचारलं, “पटलं ना आता, का थांबायचं ते?”

स्पृहा पियानोच्या पट्ट्यांकडेच पाहत होती.

“मी थांबले नव्हते, ताई,” ती हळूच म्हणाली. तिने तीच पट्टी पुन्हा दाबली आणि बोट उचललं.

पट्टी खालीच राहिली. मग अगदी सावकाश वर आली.