जागत्या पेट्या

"झोपणारा राखणदार मला नको," बापूसाहेब म्हणाले आणि गळ्यातली वीणा सावरून त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

स्वप्नाली देवळाच्या पायरीवरून हलली नाही. निमोण्यात सप्ताह बसला होता. सात दिवस वीणा खाली टेकू द्यायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची, असा नेम. दुपारी बारा ते दोनचा पहारा बापूसाहेबांचा होता. गावात त्यांच्या होकाराशिवाय खांब हलत नसे, आणि तिला तर बारा खांब हलवायचे होते.

उसाच्या कडेनं बिबट्याची चाहूल घेणाऱ्या बारा पेट्या तिनंच खांबांवर बसवल्या होत्या. जनावर हललं की भोंगा वाजायचा. पण ज्यानं त्यानं पेटी आपल्या दाराशी ओढून घेतली, आणि बाराच्या बारा रात्रंदिवस जाग्या ठेवायला लावल्या. वीस दिवसांत सातांच्या बॅटऱ्या उतरल्या. शाळेच्या वाटेवर तर एकही पेटी नव्हती. ऊसतोड सुरू झालेली. बिबट्या आता उघड्यावर येणार, आणि त्या वाटेनं रोज नऊ पोरं जाणार.

तिनं शांतपणे पुन्हा समजावलं. पेट्या अशा लावायच्या की प्रत्येक जागा दोन पेट्यांच्या नजरेत येईल. मग एक जागी, एक झोपलेली, तासाभरानं उलट. त्याच बॅटऱ्या दुप्पट दिवस पुरतील.

"खंडूचीच लेक तू. झोपायचंच सांगणार."

हे तिला लागलं. दोन वर्षांपूर्वी तिचे वडील उसाच्या राखणीवर झोपले, आणि बापूसाहेबांच्या नातवाला, स्वराजला, बिबट्यानं धरलं. पोर वाचलं, पण मान वाकडी झाली ती झालीच. बापूसाहेबांनी चुलतभावाचं नाव टाकलं. खंडू केडगावला निघून गेले. त्या रातीबद्दल त्यांनी घरातही कधी तोंड उघडलं नाही.

"आप्पा, तुम्ही व्हय म्हणेपर्यंत मी हितंच बसते," स्वप्नाली बापूसाहेबांना म्हणाली.

दोन वाजून गेले. वीणा घ्यायला सोपानराव यायचे होते. त्यांची एसटी शिरूरलाच अडकल्याचा निरोप आला. बाकी गाव तोडीवर. स्वप्नालीनं दोनदा वीणा मागितली, बापूसाहेबांनी मानेनंच नको म्हटलं. पाच वाजत आले तसं नाम ओठांतच विरू लागलं. डोळे झाकले. गुडघे लवले. वीणा फरशीला टेकणार, तोच तिनं ती दोन्ही हातांनी वर झेलली.

"द्या आप्पा."

वीणा देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पाया पडायचं, ही रीत. सत्तरीचे बापूसाहेब खंडूच्या लेकीपुढं वाकले, ते लवकर उठलेच नाहीत.

"पेट्या हलव पोरी," खाली बघतच ते म्हणाले. "चार राती खंडू एकलाच जागत हुता. पाचव्या राती बदलीला मी जायाचा हुतो. गेलोच न्हाई."