दुपारी तीनचा फोन

१९९४ साली वसईची फ्लोरी बहारीनच्या झिंज भागातल्या एका फ्लॅटवर मिस्टर ड्वायर या म्हाताऱ्या अमेरिकनाची नर्स होती. मुलाच्या नोकरीमुळे ते तिथे आले होते.

रोज दुपारी तीनला फोन वाजायचा. ड्वायर उचलायचे, "नाही सर, आणखी कुणी नाही," म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

शेवटी फ्लोरीने विचारलंच.

"बावन्न साली मी अमेरिकेत शाळेत शिकवत होतो," ते म्हणाले. "तेव्हा तिकडे कम्युनिस्ट म्हणजे देशद्रोही. सरकारी चौकशी समितीने विचारलं, तुमच्यात कम्युनिस्ट कोण? नोकरी टिकवायला मी चार निर्दोष मित्रांची नावं दिली. चौघांनाही काढून टाकलं. एकाने जीव दिला. तोच प्रश्न अजून रोज तीनला येतो."

कुणीतरी म्हाताऱ्याला छळतंय, असं वाटून फ्लोरी संतापली. दुसऱ्या दिवशी तीनला तिनेच फोन उचलला.

पलीकडचा आवाज शांत होता आणि तिच्या घरच्या बोलीत बोलत होता.

"फ्लोरी बाय, तुझ्या माणसांत कम्युनिस्ट कोण आहे गं?"

"कोणी नाही," म्हणायला तिने तोंड उघडलं.

"लॉरा," ती म्हणाली. "माझी धाकटी बहीण." आणि कुणी विचारलं नसताना ती लॉराचा पत्ता सांगू लागली.