कल्हईच्या दुकानातला रेडिओ

“पुन्हा मुका झाला बे तुह्या हातचा रेडिओ,” म्हणत हिंमतराव देशमुखांनी भलीमोठी पेटी कय्यूमच्या टेबलावर आदळली. “उद्या सकाळी नेतो. अन् यानंतर बंद पडला तर खामगावले दाखवीन. तुह्याकडं नाई आनत.”

देशमुख गेले. कय्यूमने भट्टीकडे बघायचं टाळलं. पण भट्टीपाशी बसलेल्या खुर्शीदचाचांनी, म्हणजे त्याच्या अब्बांनी, सगळं ऐकलं होतं. धामणगाव बढ्याच्या बाजारात चाचांच्या कल्हईला तोड नव्हती आणि कानांनाही.

बाप-लेकात ठरलेलंच होतं. लढाईच्या काळात कय्यूम पलटणीत वायरलेस दुरुस्त करायला शिकला. परत आल्यावर त्याने बापाच्याच दुकानाचा एक कोपरा मागून घेतला, या पावसाळ्यापुरता. रेडिओचं काम चाललं तर चाललं, नाही तर टेबल मोडून मुकाट्याने भाता ओढायला बसायचं. आता पावसाळा सरत आला होता आणि बाजार हसत होता. कय्यूमकडे रेडिओ न्या, आठ दिवस गातो, मग मौन धरतो!

कय्यूमचा मात्र या कामावर जीव होता. मुक्या पेटीतून माणसाचा आवाज निघाला की अजूनही त्याच्या अंगावर काटा यायचा. भाता ओढत जन्म काढायची त्याची तयारी नव्हती.

आजवर त्याने व्हॉल्व्हला दोष दिला, बॅटरीला दिला, ओल्या हवेलाही दिला. आता दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं. त्याने पेटी उलटी केली आणि एकेक सांधा उजेडात धरून पाहिला. कंपनीने कथलाने झाळलेले सांधे जसेच्या तसे होते. जिथे जिथे त्याचा स्वतःचा हात लागला होता, तिथे मात्र कळकलेल्या पितळेवर येतो तसा हिरवा थर आला होता आणि खालची तार खाल्ली गेली होती. म्हणजे रेडिओ तोच मारत होता. त्याला रडूच आलं.

पण पलटणीत याच हातांनी झाळलेले सेट कधी कुरकुरले नव्हते. तिथे झाळायची तार तयार मिळायची. बरोबर आणलेलं तिचं रीळ संपलं, तसा तो अब्बांचं कथील वापरू लागला. अब्बांनीच मोठ्या मायेने नवसागराची वाटी त्याच्या टेबलावर आणून ठेवली होती. नवसागर टाकल्याशिवाय कथील धरत नाही, हे कल्हईवाल्याच्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही. सांधे कसे चांदीसारखे चमकायचे! शंका यायची तरी कशाला?

मागच्या घरात त्याची बायको सायरा जुम्मेरातचा, म्हणजे गुरुवारचा धूप करत होती. घरातला लोबान संपला होता, म्हणून तिने निखाऱ्यावर नुसती राळच टाकली. धूर दुकानात आला तसा कय्यूम ताडकन उठला.

हा तर पलटणीतल्या तारेचा वास! झाळायचा तापलेला कावीया टेकवला की त्या तारेच्या पोटातून पिवळं काहीतरी वितळायचं आणि नवसागराशिवायच कथील धरायचं. ते काय असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि या शहाण्यानेही कधी विचारलं नव्हतं.

त्याने सायराच्या हातातून राळेची पुडी जवळजवळ हिसकावलीच. हिरवे सांधे खरवडले, खाल्लेल्या तारा बदलल्या, राळ लावून पुन्हा झाळल्या. बॅटरी जोडली. पेटी थोडी खरखरली, खाकरली आणि दिल्लीहून कुणीतरी बातम्या सांगू लागलं. दारात उभी सायरा पदर तोंडाला लावून हसली.

चाचा हसले नाहीत. ते टेबलापाशी आले.

“रेडिओ मागच्या खेपेलेही बोलला होता. बिघडते काऊन, ते सांग.”

आपलेच दात, आपलेच ओठ. व्हॉल्व्ह खराब होता म्हणून सांगता आलं असतं. पण मग ती वाटी टेबलावर तशीच राहिली असती.

“अब्बा, नवसागर,” कय्यूम खाली मान घालून म्हणाला. “तुमी भांडं पुसता, धुता. तो निघून जाते. मले तार धुता येत नाई. तो तिथंच राह्यते अन् तांबं खाते.”

चाचांनी वाटी उचलली. तिच्यातली पांढरी भुकटी बोटांनी चिवडून पाहिली. त्यांच्या बापाचं आणि आजाचंही पोट याच भुकटीवर भरलं होतं. मग ते वळले. त्यांनी भट्टीतले निखारे विझवले, जमिनीत रोवलेला भाता हलवून हलवून उपटला आणि सांडशी, कथील, वाटी सगळं एका घमेल्यात भरलं.

कय्यूमला वाटलं, रेडिओ जगला, पण बाप दुखावला. एवढं खरं बोलायची काय गरज होती?

भाता खांद्यावर टाकून चाचा दुकानाची पायरी उतरले. कय्यूम धावत मागे गेला.

“अब्बा, नाराज झाले काय? भट्टी घेऊन कुठं चालले?”

“समोरच्या लिंबाखाली,” चाचा चालता चालता म्हणाले. “अबे, नवसागराचा धूरही तांबं खाईन का नाई? दुकानात आता फक्त तुह्ये रेडिओच राह्यतीन.”